ही जमीन माणूस खात नाही

१४ नोव्हेंबर १९६१, मंगळवार

सडलेला नाही! एकेचाळीस दिवस जमिनीत होता, आणि सडलेला नाही.

सकाळी तहसीलदारांच्या हुकमाने धरमसिंगचं प्रेत उकरलं. वणीपासून अकरा मैलांवरचा बंजाऱ्यांचा तांडा. लग्न झालेल्याला ते जाळतात, न झालेल्याला पुरतात. धरमसिंग बावीसचा. साखरपुडा झाला होता, लग्न राहिलं होतं. म्हणून आज उकरायला काहीतरी होतं.

खणणारे दोघे तोंडाला फडकं बांधून आले होते. मीही कापूर चोळलेला रुमाल बांधला. तीन फुटांवर फावडं अडलं. कापड दिसलं. मी श्वास रोखला, मग सोडला, मग रुमालच काढून खिशात टाकला. वासच नव्हता. ओल्या भिंतीचा येतो तसा थोडा, बस्स.

चेहरा ओळखू येत होता. कातडी मेणासारखी, पिवळट. पापण्या शाबूत, मिशा शाबूत. मनगटातल्या लाल धाग्याचा रंगसुद्धा गेला नव्हता. आणि माशी नाही! उघड्या माळावर, दहा वाजताच्या उन्हात, प्रेतावर एकही माशी नाही. मी मुद्दाम दोन-तीनदा पाहिलं.

त्याचा बाप पूनमसिंग खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. रडला नाही. फौजदार विठ्ठलरावांना म्हणाला, "पाह्यलं सायेब? सडला नाही थो. त्याची तक्रार हाये. तक्रार असली का माणूस सडत नाही."

अर्ज यानेच दिलाय. त्याचं म्हणणं, थोरल्या सुनेने, रुपीबाईने, धरमसिंगला विष घातलं. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. त्यांच्यात विधवा भावजयीचं धाकट्या दिराशी लावायची रीत आहे. धरमसिंगने नाही म्हटलं, दुसऱ्या तांड्यातली मुलगी पसंत केली. साखरपुड्याला महिना होतो न होतो तोच गेला.

रुपीबाई लांब, एका बाभळीखाली एकटी उभी होती. तांड्यातलं कुणी तिच्याजवळ उभं राहत नव्हतं. विठ्ठलरावांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "म्या भाकर देल्ली. त्याच तव्यावरची मीबी खाल्ली."

तिथेच खाटेवर पोस्टमार्टेम. जठर, काळीज, मूत्रपिंडं, केस, नखं. बरण्यांत मिठाचं पाणी. लाखेची सीलं. प्रेत पुन्हा त्याच खड्ड्यात.

चाकू लावला तेव्हा आतूनही वास आला नाही.

१५ नोव्हेंबर

विमल विचारत होती, अहो, हाताला वास येतो का अजून? नाही येत. तेच तर.

१९ नोव्हेंबर, रविवार

टाळत होतो, पण इथे तरी खरं लिहावं. धरमसिंग जिवंत असताना मी त्याला पाहिला होता.

४ ऑक्टोबर. बैलगाडीतून आणला. उलट्या, तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, पायांत गोळे, डोळे खोल गेलेले. त्याच आठवड्यात बाजारपेठेत हैज्याचे, म्हणजे कॉलऱ्याचे, दोघे सापडले होते. मी विचार केलाच नाही. रजिस्टरात 'हैजा' लिहिलं. सलाईनची एकच बाटली होती, ती लावली. त्याने माझं मनगट धरलं होतं — "पानी, डाक्टर." पाणी पाजलं. दुपारी गेला.

सोमलाची, आर्सेनिकच्या विषाचीही लक्षणं हीच! कॉलेजात मास्तर घसा फोडून सांगायचे, हैजा दिसला की सोमल आठवा. मला आठवला नाही. आता बरण्या प्रयोगशाळेत गेल्यात. काय निघालेलं मला बरं, हेच कळत नाही.

९ डिसेंबर, शनिवार

अहवाल आला. सोमल.

जठरात आहे, काळजात आहे, नखांत आहे, केसांत आहे. शंकेला जागा नाही, असं विठ्ठलराव म्हणाले. माणूस वाईट नाही. पण चेहऱ्यावर समाधान होतं. संध्याकाळी रुपीबाईला धरून आणली. तांड्यातून एकही माणूस गाडीमागे आला नाही म्हणे.

माझं मत लेखी हवं होतं. लिहिलं. 'मृत्यू सोमलाच्या विषाने.' सही केली. शिक्का मारला. त्याच टेबलावर, ज्यावर ऑक्टोबरात हैजा लिहिलं होतं.

१० डिसेंबर, रविवार

कॉलेजातलं जाड पुस्तक काढलं. काढायला नको होतं की आधीच काढायला हवं होतं, देव जाणे.

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. पोटात गेलेलं विष केसाच्या मुळाशी येतं. केस वाढेल तसं ते टोकाकडे सरकत जातं. विष खाऊन दोन दिवसांत मेलेल्याच्या केसाच्या टोकाला ते असूच शकत नाही. पोचायला वेळच मिळत नाही.

अहवाल पुन्हा वाचला. केस चार इंच. मुळाशी आहे, मध्ये आहे, टोकाशी आहे. सारखंच.

म्हणजे दोनच वाटा. एक, ती बाई त्याला आठ महिने थोडं थोडं घालत होती. पण आठ महिन्यांपूर्वी साखरपुडा कुठे होता? तेव्हा तर तो तिच्याशीच लग्न करणार असं सगळा तांडा धरून चालला होता. दुसरी वाट — ते बाहेरून आलं. मेल्यानंतर. मातीतून. काही जमिनींत सोमल उपजतच असतो, पावसाचं पाणी तो प्रेतात मुरवतं, केस तो शोषून घेतात.

याच पानावर खाली लिहिलंय, उकरलेल्या प्रेतासोबत तिथली माती अवश्य पाठवावी.

मी माती पाठवली नाही. वास नाही, माशी नाही, याच्यातच असा गुंतलो की मूठभर माती घ्यायचं सुचलं नाही! आणि त्या चुकीवर एक बाई आत बसली आहे.

१२ डिसेंबर

विठ्ठलरावांना सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टर, तुमची सही झाली. आठ महिने थोडं थोडं देत असन, बाईचा काय भरवसा?" मग हळूच, "कायले आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता?"

कोठडीत रुपीबाईला भेटलो. तपासायच्या निमित्ताने. भिंतीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर ओढणी. नाडी ठीक. मी उठलो तेव्हा बोलली.

"सायेब, थो सडला नाही म्हणून म्या विष देल्लं म्हणतात. अन् सडला असता, त मंग?"

मी पिशवी उचलली. आणखी एक म्हणाली, "तुमी बी तेच लिवलं ना?"

१७ डिसेंबर, रविवार

सायकलने तांड्यावर गेलो, एकटाच. तांड्याचा नायक शंकरसिंग बरोबर आला, बाकी कुणी घरातून बाहेर आलं नाही. म्हातारा सरळ आहे. पुरायची जागा तांड्याच्या खालच्या अंगाला. पांढरट, चुनखडीसारखी माती, मधूनच पिवळे पट्टे. धरमसिंगच्या खड्ड्यातून एक बरणी भरली, वीस पावलांवरून दुसरी.

बरण्या बांधताना शंकरसिंग बघत उभा होता. मग म्हणाला, "मातीतच पाह्यत असान त मी सांगतो. हे जमीन माणूस खात नाही."

मी म्हटलं, म्हणजे?

तो खाली बसला. दोन पावसाळ्यांपूर्वी नाल्याचा काठ खचला. एक जुनी जागा उघडी पडली. सकाळी तो परसाकडे गेला होता तर काठातून हात बाहेर आलेला. लहान मुलाचा. पाची बोटं, नखं, सगळं जागच्या जागी. "मले वाटलं, पोरगं खेळून राह्यलं. मी हाक मारली बाप्पा! तुकाऱ्यानं हाक मारली, 'चल बाहेर निंघ' म्हणून." मग जवळ गेला. मग धोतराच्या सोग्याने माती ओढून हात झाकला. वर दगड रचले. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही.

"बाया तिकून जात नाहीत. म्हणतात, मेलेले आयकते. आमी बारा वर्साआधी इथं उतरलो. पयल्या जागी असं नोहोतं."

येताना जुन्या कोळशाच्या खड्ड्यावर थांबून पाणी प्यालो. इंग्रजांच्या वेळी कुणी कोळसा शोधायला खणला, अर्धवट सोडला. आता तीच तांड्याची विहीर. अठरा-वीस हात खोल, उन्हाळ्यातही आटत नाही म्हणतात. पाणी थंडगार.

वीस वर्षं मढी पाहतोय. भीती कधी वाटली नाही. आज सायकलवर बसल्यावर मागे वळून पाहिलं नाही, ते मात्र खरं.

३ जानेवारी १९६२

मातीचा अहवाल. 'सोमलाचा अत्यल्प अंश.' दोन्ही बरण्यांत. एवढा तर कुठल्याही मातीत सापडतो.

संपलं, असं वाटलं. पण तिथल्या परीक्षकांनी वेगळं पत्र जोडलंय. भला माणूस! लिहितात, वरची माती पावसाने धुपून जाते, केस मात्र वर्षानुवर्षं धरून ठेवतात. त्याच जागी पुरलेल्या, पण दुसऱ्याच कारणाने गेलेल्या माणसाचे केस मिळाले, आणि त्यांतही तेवढाच सोमल निघाला, तर दोष मातीचा, बाईचा नव्हे. न निघाला तर बाईचा.

म्हणजे आणखी एक प्रेत उकरायचं. कुणाचं?

८ जानेवारी

तांड्यावर सगळ्यांना बोलावून सांगितलं. वीसेक माणसं. बोलून झालं. मग पूनमसिंग उठला. अंगावर आला नाही, ओरडला नाही.

"एक काहाडला. आता समदेच काहाडता का? तुमाले आमचे जित्ते पुरत नाहीत का, डाक्टर?"

लोक उठून गेले.

घरी विमल म्हणाली, "बाजारात तुम्हाला काय म्हणतात ठाऊक आहे का? मढेउकर्‍या. आज शेजारच्या इंदूबाईने पोराला तुमच्या दवाखान्यात आणलं नाही. ताप होता तरी नाही."

मी म्हटलं, मग काय, तिला फासावर जाऊ देऊ?

तिने ताट वाढलं.

११ जानेवारी, गुरुवार

दवाखाना बंद करायच्या वेळेला एक बंजारा बाई दारात. पस्तिशीची. अंगावर आरसे लावलेली चोळी, हात मोकळे, चेहरा वाळलेला. नाव सुखीबाई. अकरा मैल चालत आली होती. बाकावर बस म्हटलं तर जमिनीवर बसली.

"माह्या छोरीले खंदा."

मला आधी समजलंच नाही.

मुलगी बसंती, सहा वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी मोहाच्या झाडावरून पडली. भर दुपारी, साऱ्या तांड्यासमोर. मान मोडली, जागीच गेली. विष नाही, रोग नाही. त्याच जागी पुरली आहे. नवरा नंतर गेला. दुसरं मूल झालं नाही.

विचारलं, रुपीबाई तुझी कोण?

"कोनी नोय. सरपनाले संगं जात होतो, बस. पन फाशी देतेत म्हणते तिले. मेलेलीले काय होते? जित्तीले वाचवा."

मी तिला समजावलं. म्हटलं, बाई, कदाचित काहीच उरलं नसेल. कदाचित शंकरसिंग म्हणतो तसं असेल. दोन्ही बघायला वाईट. तू येऊ नको.

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग जे म्हणाली ते मी कुणाला सांगणार नाही, इथे लिहितो.

"मीच येतो पाहाले. डाक्टर, मले तिचं तोंड याद नाही राह्यलं. आवाज याद हाये. हसे थे याद हाये. तोंड येत नाही डोयापुढं. लय कोशिस करतो, येतच नाही."

जाताना एक अट घातली. फक्त केस. बाकी कुठे कात्री-चाकू लावायचा नाही. मी शब्द दिला.

१६ जानेवारी, मंगळवार

हुकूम काल हातात आला. आज केलं.

तहसीलदार, विठ्ठलराव, शंकरसिंग, दोन खणणारे, मी. आणि सुखीबाई. तांड्याचे लोक वर, उंचवट्यावर ओळीने उभे. इतक्या लांबून चेहरे दिसत नव्हते, फक्त बायांच्या ओढण्या वाऱ्याने हलत होत्या. एक कुत्रं आमच्या मागे उतरलं होतं. अर्ध्या वाटेत बसलं, ते पुढे आलं नाही.

जागा सुखीबाईनेच दाखवली. दगड नाही, खूण नाही, तरी सरळ गेली आणि उभी राहिली. "इथं."

चार फुटांवर लाल कापड लागलं. लाल! नऊ वर्षांनी. खणणाऱ्यातला एक फावडं टाकून बाहेर आला आणि परत खाली उतरला नाही. उरलेली माती मी आणि दुसऱ्याने हातांनी काढली.

सुखीबाई आम्हाला बाजूला सारून खाली उतरली. तिनेच कापड उलगडलं.

कसं लिहू? मूल होतं. सुकलेलं, लहान झालेलं, कातडीचा रंग जुन्या मेणबत्तीसारखा — पण मूल! नाक, ओठ, भुवया. गळ्यात कवड्यांची माळ. मान एका बाजूला, मोडली होती तशीच. डोळे नीट मिटलेले नव्हते. मी डॉक्टर आहे. मला माहीत आहे, कोरडी जागा, चुनखडी, पाणी न साठणारा उतार, असं होतं. माहीत असून काही उपयोग होत नाही.

मला वाटलं, बाई आता किंचाळेल. ती बसली. तोंड अगदी जवळ नेलं. पोरीच्या चेहऱ्यावरची माती ओढणीच्या टोकाने पुसली, कानामागची पुसली, अंघोळीनंतर पुसतात तशी. त्यांच्या बोलीत काहीतरी सांगत होती, हळू, सरळ आवाजात, मधे मधे थांबून. थांबायची ती अशी, की समोरून उत्तर येतंय असं वाटावं! मला एकच शब्द कळत होता. याडी. म्हणजे आई.

मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "पाहा ना डाक्टर. मी बुढी होऊन राह्यली, अन् थे तशीच."

तहसीलदार केव्हाच लांब जाऊन उभे होते. मी कात्री काढली. तिने हात पुढे केला.

"तुमी नका. मी कापतो."

नियमाने मी कापायला हवे होते. मी कात्री दिली. विठ्ठलराव बिडी पेटवायच्या निमित्ताने वळले. मीही तोंड फिरवलं. आई मुलीचे केस कापते आहे, ते उभं राहून काय बघायचं? कात्रीचा आवाज दोनदा झाला. नंतर पुष्कळ वेळ काही नाही. मग तिने खालून मूठ वर केली आणि माझ्या तळहातावर बट ठेवली. काळी, मुठीत धरून गरम झालेली.

पाकिटात घातली. सील. वर लिहिलं: 'बसंती, वय सहा. मृत्यू नऊ वर्षांपूर्वी, झाडावरून पडून.' विठ्ठलरावांनी सही केली, तहसीलदारांनी केली, मी केली.

माती तिनेच आधी टाकली. मूठ मूठ. आम्ही थांबलो.

१७ जानेवारी

नऊ वर्षं सहा वर्षांचीच.

२५ जानेवारी

दवाखान्यात दिवसभरात चार रोगी. एका म्हातारीने विचारलं, मेलेलं पोर बोललं म्हणतात, खरं काय? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, तुमी तर असंच सांगान.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आला! बसंतीच्या केसांत सोमल आहे. मुळापासून टोकापर्यंत. प्रमाण जवळजवळ तेवढंच, धरमसिंगच्या केसांइतकंच! झाडावरून पडून मेलेली सहा वर्षांची पोर आणि हा. दोघांना एकाच बाईने विष घातलं असं आता कोण म्हणेल?

माती! मातीच!

विठ्ठलरावांना दाखवलं. दोनदा वाचलं त्यांनी. मग टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चांगलं केलं तुम्ही." एवढंच. पण म्हणाले.

विमलने शिरा केला.

२ एप्रिल, सोमवार. यवतमाळ

सेशन कोर्ट. अडीच तास उभा होतो.

सरकारी वकिलांनी सोलून काढलं. "ऑक्टोबरात तुम्ही हैजा लिहिला. डिसेंबरात सोमल लिहिला. आता म्हणता माती. उद्या काय म्हणाल, डॉक्टर?"

लोक हसले. मी म्हटलं, "दोनदा चुकलो, ते सांगायलाच आलो आहे. माती पाठवायला हवी होती, पाठवली नाही. ही बाई चार महिने त्यापायी आत आहे."

जज्जसाहेबांनी हे सगळं स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. परीक्षकही आले होते. त्यांना विचारलं, मातीत तर नाममात्र निघाला, मग केसांत एवढा कसा? ते म्हणाले, केस साठवतात. आणि तुलनेचा नमुना नसता तर मीही आरोपीविरुद्धच सांगितलं असतं. सारा भार त्या एका बटेवर होता.

रुपीबाई पिंजऱ्यात उभी. हाडं राहिली आहेत नुसती. बसंतीचं नाव निघालं तेव्हा पहिल्यांदा तिने ओढणी वर करून कोर्टात शोधलं. सुखीबाई आलेली नव्हती.

९ एप्रिल, सोमवार

सुटली. निर्दोष.

माहेरच्या तांड्याहून, दारव्ह्याकडून, भाऊ खेमसिंग न्यायला आला होता. ती सासरच्या तांड्यावर परत जाणार नाही. जाताना माझ्यासमोर थांबली, पाया पडू लागली. मी मागे सरकलो. मलाच तिच्या पाया पडायला हवं होतं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर पूनमसिंग बसला होता. तिला जाताना त्याने वाट दिली. मग मला म्हणाला, "ठीक हाये. तिनं नाही मारलं. मंग माह्या पोराले कोनं मारलं?"

म्हटलं, हैजा असावा, बाबा. मी पहिल्यांदा लिहिलं होतं तेच.

"अन् मोठ्याले? त्याच्यामांगं दोन वर्सं आधी मोठा गेला. असाच. उलट्या करून करून."

म्हटलं, तोही हैजाच असेल.

तो माझ्याकडे बघत राहिला. राग नव्हता. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर बरं झालं असतं, असं काहीतरी होतं त्या बघण्यात.

२२ एप्रिल, रविवार

इंदूबाई पोराला घेऊन आली. गोवर. आठवडाभर दवाखाना भरलेला आहे. झोप नीट लागते.

३ मे, गुरुवार

सकाळी आठ वाजता सुखीबाई आली. मी म्हटलं, बस, पाणी पी. ती बसली नाही.

"डाक्टर, एक खोटं केलं. रुपी सुटली, आता सांगतो. थे केस बसंतीचे नोहोते. तिच्या डोक्याले कैची लावाले हात उठला नाही. तुमी तोंड फिरवलं, मी वढनीच्या आड आपलेच कापले."

मी विचारलं, तुझे? तुझ्या डोक्याचे?

"माह्ये."

मग माझ्याकडे बघून घाबरली. "रुपीले धरून त नाही आनत ना परत?"

नाही म्हटलं. नाही आणणार. घरी जा. — मग मीच धावत मागे गेलो, रस्त्यावर तिला धरून थांबवलं, आणि म्हटलं, घरी जाऊ नको, इथेच थांब, विमलजवळ थांब.

केस तिचे. सुखीबाई कधी मातीत नव्हती. ती जिवंत आहे, आणि मुळापासून टोकापर्यंत सोमल तिच्यात आहे. माती नव्हे. रुपीबाई नव्हे. पूनमसिंगचे दोन मुलगे, सुखीबाईचा नवरा, आणखी किती, कुणी मोजलेच नाहीत. सगळ्यांनी पाणी प्यालं ते त्या एकाच जुन्या कोळशाच्या खड्ड्याचं.

तांड्यात दीडशेच्या वर माणसं आहेत. मे महिना आहे. विठ्ठलरावांकडे चिठ्ठी पाठवली. सायकल काढतो. बाया दुपारच्या पाण्याला उतरायच्या आत पोचलं पाहिजे.